चुन्याखालची खूण

वॉशिंग्टन, १७९८

आई, मी ठणठणीत आहे. ओटची पेज रोज मिळते. तुझी कंबर कशी आहे गं?

राष्ट्राध्यक्षांच्या घराची भिंत पुरी झाली. आपल्या ड्युगल्डने तापाने जाण्याआधी घडवलेला दगड मीच बसवला. पाथरवटाने दगडावर कोरलेली स्वतःची खूण भिंतीत आत लपवायची असते, पण मी त्याची खूण रस्त्याकडे ठेवली.

मुकादम ओरडला, "डोकं फिरलंय का तुझं?"

म्हटलं, "त्याच्या कबरीवर साधा दगडही नाही. इथं तरी दिसू दे."

काल थंडीने दगड फुटू नयेत म्हणून सगळ्या घराला चुना फासला. घर पांढरंशुभ्र दिसतं, लोक थांबून बघतात. मीही बघत उभा राहिलो. ड्युगल्डचा दगड कुठला, मलाही सापडेना.

तुझा उरलेला मुलगा,
आर्ची