खुर्चीतला कॅप्टन आणि आपले पणजोबा

स्टॅनमोर, १४ नोव्हेंबर २००६

ती. गिरीशदादास,
वैजूचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि रेखावहिनींचं बीपी, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. इथे आम्ही सगळे बरे आहोत. फक्त आपले पणजोबा बदललेत.

आईच्या डब्यातलं पदक आणि तो फोटो मी इकडे आणला होता ना? खुर्चीत मिशीवाले कॅप्टन मुरलीधर पणजोबा, मागे खेचराचा लगाम धरून त्यांचा गडी. (पितृपक्षात आपण खीर वाढतो ते खुर्चीतले.) तर सियाच्या शाळेत रिमेम्ब्रन्स डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, असेंब्लीत मला बोलायला सांगितलं. मी पैठणी नेसून गेले आणि पणजोबांनी पहिल्या महायुद्धात बसऱ्याजवळ घोड्यावरून कशी चाल केली ते रंगवून सांगितलं. (फोटोत घोडा नाही हे मला दिसत होतं, पण वीस मिनिटं भरायची होती.)

नंतर मिस्टर प्रिचर्ड नावाच्या निवृत्त सैनिकानं पदकाची कड वाचली आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, इथे ड्रायव्हर लिहिलंय. खेचरांची तुकडी." मग फोटो उजेडात धरला. "खुर्चीतले कॅप्टन तर इंग्रज आहेत. तुमचे पणजोबा बहुतेक हे मागचे."

फोटो इतका पिवळा पडलाय की त्यात सगळेच आपले वाटतात! म्हणजे तीस वर्षं आपण एका साहेबाला खीर वाढली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात सिया आनंदानं ओरडली, "आई, तुझा पणजोबा खेचर चालवायची!"

"चालवायचे," मी म्हटलं. दुरुस्त करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

प्रिचर्ड म्हणाले, "त्या वाळवंटात पाणी खेचरांवरूनच यायचं. गोळीबारातही हे लोक पुढे जायचे, बहुतेकदा बंदुकीशिवाय."

घरी येऊन फोटोतल्या त्या मागच्या माणसाकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. दादा, बाबांचेच कान रे! एक हात खेचराच्या मानेवर ठेवलाय, ते बिचकू नये म्हणून. आणि आपण त्यांना गडी म्हणत आलो. मला रडूच आलं.

तुझी,
वैजू

ता. क. : रेखावहिनींना एवढ्यात सांगू नकोस. त्यांचे आजोबा नुसते सुभेदार होते, हे मी त्यांना लग्नापासून ऐकवत आलेय.

ता. क. २ : वहिनी, दादाची पत्रं आधी तुम्हीच उघडता हे मला ठाऊक आहे. इथवर वाचलंच आहेत, तर सुभेदारांच्या ट्रंकेत त्यांच्या पलटणीचा एखादा फोटो आहे का बघाल? कडेला कुणी खेचरवाला उभा असेल, तर कृपा करून कापू नका.