थाळीची नाडी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार मनापासून, विनंती नाइलाजानं.

मी घरी सुखरूप पोचलो. याचं श्रेय तुझ्याकडच्या कोणालाही नाही. फोन का करत नाही असं विचारू नकोस. फोनमध्ये आवाज चेपून येतो, आणि बारकी तर माझा फोन उचलतच नाही.

झालं ते क्रमानं लिहितो, कारण तिच्याकडून तू जे ऐकलं असशील त्यात क्रम नसणार, नुसतं नाक ओढणं असेल. गेलं वर्षभर माझी मुलगी नोकरीच्या निमित्तानं तुझ्याकडे राहते आणि गेले दोन-तीन महिने संध्याकाळी त्या दाढीवाल्या गिटारवाल्याच्या बँडमध्ये गाते. इथवर माझी हरकत नव्हती. हरकत असती तर मी तिला पाळण्यात असल्यापासून रॉकच्या रेकॉर्डी ऐकवल्याच नसत्या. महिनाअखेरीस हॉल घेऊन ते लोक ‘पाणबुड्या’ अख्खी वाजवणार, पहिली बाजू आणि दुसरी बाजू, मध्ये एकही गाणं न गाळता, हे कळल्यावर तर मला वाटलं, पोरीनं बापाच्या जन्माचं सोनं केलं. ती रेकॉर्ड तुला आठवत असेल. कव्हरवर न्हाव्याच्या खुर्चीत एक पाणबुड्या बसलाय. तू ते कव्हर एकदा गरम दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं होतंस. मी विसरलेलो नाही.

म्हणून रजा टाकून तालीम ऐकायला आलो. पहिलं गाणं सुरू झालं. अख्खा बँड अर्धा सूर खाली! ड्रमवाला तेवढा वाचला, कारण त्याच्याकडे खाली जायला सूरच नव्हता. आणि त्या सगळ्यांबरोबर माझी मुलगीही खाली. मी हात वर करून गाणं थांबवलं आणि अत्यंत सभ्य भाषेत सांगितलं, की मूळ रेकॉर्ड ज्यांनी ऐकलेली नाही त्यांनी ती वाजवण्याचं धाडस करू नये. दाढीनं विचारलं, काका, तुम्ही गाणं कुठं शिकलात? मी म्हटलं, कुठंच नाही, म्हणून तर मला ऐकू येतं. मग बारकीकडे वळून एवढंच म्हणालो, की तुला माझा कान मिळाला होता, तो तू या मंडळींना फुकटात देऊन टाकलास.

यात रागावण्यासारखं काय आहे, तूच सांग. तिनं मला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं आणि कार्यक्रमाला येऊ नका म्हणाली. बापाला! जो माणूस कव्हरांवरचा मजकूर वाचता यावा म्हणून शब्दकोश घेऊन इंग्रजी शिकला, ज्याच्या इंग्रजीत आजही ध्वनिमुद्रण आणि गिटारीच्या तारा सोडून दुसरा विषय नाही, त्याला!

तू तिला समजाव. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. घरात इतकी शांतता आहे की सुईची खरखरसुद्धा सुंदर ऐकू येते.

लोभ असावा. वाढवणं जमत नसेल तर आहे तेवढ्यावर झाकण ठेवावं, रेकॉर्डचं कव्हर सोडून कशाचंही.
तुझा
धाकटा

ता. ९ मार्च

चि. उस्तादांस,
अनेक आशीर्वाद. त्यातला एक अक्कल येण्यासाठी म्हणून बाजूला बांधून ठेवलाय, आल्यावर घेऊन जा.

दुधाचं म्हणशील तर कव्हर गेलं पण दूध वाचलं. मला अजूनही हा सौदा बरा वाटतो.

तुला क्रम आवडतो ना? मग तुझ्या क्रमाच्या आधीचा क्रम ऐक. बारकी त्या बँडमध्ये गेली तेव्हा प्रत्येक गाणं अर्धा सूर वर धरायची. ते म्हणायचे खाली ये, ही म्हणायची तुम्ही वर या, आमच्या घरची रेकॉर्ड अशीच आहे, माझे बाबा चुकत नाहीत. महिनाभर भांडली रे तुझ्या नावावर. शेवटी कीबोर्डवाल्या मुलीनं एकेक सूर दाबून दाखवला तेव्हा कुठं हिनं हार मानली. मग महिनाभर रोज सकाळी माझ्या बाथरूमचं दार लावून ही जुना सूर विसरण्याचा अभ्यास करायची. ह्यांची दाढी बाहेरच्या बेसिनवर व्हायची. ज्या आठवड्यात तिला ते जमलं, नेमका त्याच आठवड्यात तू आलास, हात वर केलास आणि सगळ्यांच्या देखत तिचा कान काढलास.

आता ती म्हणते, बँड बरोबर असेल तर मी जन्मापासून चुकीची, बाबा बरोबर असतील तर आत्ता चुकीची. कसंही धरलं तरी मला कान नाही. तू गेल्यापासून ती गायलेली नाही. कामावर जाते, येते, भिंतीकडे तोंड करून पडते. तो दाढी दोनदा येऊन दारात उभा राहिला. बिचारा ओशाळून म्हणाला, वीस तारखेपर्यंत वाट पाहतो, मग दुसरी गाणारी बघावी लागेल.

आणि एक गंमत सांगते. ह्यांच्याकडे जुन्या बाजारातून आणलेली ‘पाणबुड्या’ आहे, ती काल मुद्दाम लावली. तुझ्या घरी तो गाणारा पंचविशीतला, लग्नाला उभा असल्यासारखा वाटतो. आमच्या घरी तोच माणूस चाळिशीतला, दोन मुलांचा बाप. एका माणसाची दोन वयं कशी? मी जन्मभर नर्स होते, वय चोरणारे पुष्कळ पाहिलेत. शंका आली की आम्ही वाद घालत नाही, नाडी बघतो. तूही तुझ्या रेकॉर्डप्लेअरच्या थाळीची नाडी बघ. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटव, तो बोटाला लागेल असा हात धर, आणि मिनिटभर मोज. तुमच्या त्या एलपी मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर थोडं, अशा फिरायला हव्यात, हे तूच मला शंभरदा ऐकवलंयस. मोजायला मोठेपणा लागत नाही, घड्याळ लागतं.

वहिनीला माझा पाठिंबा कळव. आशीर्वाद आहेतच, वापरत जा.
तुझी
ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझ्यातल्या डॉक्टरीणबाईंना वेगळा नमस्कार.

भाऊजींच्या यंत्राबद्दल मी आजवर गप्प होतो, कारण तू त्या घरात नांदतेस. पण आता लिहितो. ते यंत्र नाही, झाकण असलेली भाजीची पेटी आहे. त्यात सुई रेकॉर्डवर चालत नाही, नांगरते. त्या यंत्रावर तो गाणारा चाळिशीचा वाटला हे त्याचं नशीब, मला तर मेलेला वाटला असता.

माझं यंत्र कसं आहे ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. मामांनी ते बोटीवरून आणलं तेव्हा ते परदेशी विजेसाठी बनलेलं होतं. तिकडच्या विजेची चाल वेगळी. आपल्याकडे लावलं की थाळी अशी रेंगाळायची, जणू अख्खा बँड झोपेच्या गोळ्या घेऊन आलाय. दुकानदार म्हणाला, टाकून द्या. मी तेव्हा कारखान्यात लेथवर नवा होतो, पण मोटरच्या टोकावरची पुली बदलली की थाळीचा वेग बदलेल हे मला कोणत्या कॉलेजानं शिकवलं नव्हतं, माझं मी काढलं. हिशेब मांडला, पितळेचा तुकडा घेतला आणि बरोबर दहा मिलिमीटरची पुली काढली. मायक्रोमीटरखाली धरली, केसाचाही फरक नाही. त्या पुलीवर रबराचा पट्टा, पट्ट्यावर थाळी आणि थाळीवर माझं आयुष्य, असं ते आजवर फिरतंय. बारकी चालायला लागली तरी रेकॉर्ड सुरू असताना पाऊल टाकायची नाही, जमीन हलली की सुई उडते म्हणून. शेजारची पोरं पळापळी करायची आणि ही गालिच्यावर मांडी घालून नुसते ओठ हलवायची. अशा घरातल्या यंत्राची तू नाडी बघायला निघालीस.

तरी तुझं तोंड बंद व्हावं म्हणून मोजलं. भिंतीवरच्या घड्याळानं पस्तीस आले. ते घड्याळ तुझ्या वहिनीच्या माहेरचं आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मनगटावरचं धरलं, पस्तीस. कारखान्यातून स्टॉपवॉच आणलं, पस्तीस. शेवटी तुझ्या वहिनीला मोजायला बसवलं, कारण माझ्याशी न बोलणारा माणूस माझी बाजू घेणार नाही. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. पस्तीस म्हणाली आणि आत गेली.

यावर तू काही लिहू नयेस ही विनंती, आणि तीच विशेष.

लोभ तपासून पाहावा, कमी भरला तर कळवू नये.
तुझा
धाकटा

ता. १५ मार्च

चि. उस्तादांस,
आशीर्वाद, मिनिटाला पस्तीस.

मी काही लिहीत नाही. मी नुसती हसले, तेसुद्धा पदर तोंडात धरून, आणि मग ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी भाजीच्या पेटीला फडक्यानं पुसलं आणि तिला एक दिवस विश्रांती दिली.

आता हसणं पुरे. मी बारकीला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसत नाही. म्हणते, आत्या, तू मला बरं वाटावं म्हणून हे रचतेस, बाबांचं यंत्र चुकायचं नाही, एक वेळ घड्याळं चुकतील. पाहिलास तुझा प्रताप? पोरीनं तुझ्यावर ठेवलेला विश्वासच तिच्या मुळावर आलाय. तिचा स्वतःवर मात्र तसूभरही उरलेला नाही. वीस तारीख तोंडावर आहे. हे तूच लिहायला हवंस, तिला, तुझ्या हातानं. आणि लिहिताना ‘तरीही’ आणि ‘खरं पाहता’ हे दोन शब्द घरी ठेवून ये.

घाईत आहे, माया पुढच्या टपालानं.
तुझी
ताई

ता. १७ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझ्या आत्यानं माझे दोन आवडते शब्द काढून घेतलेत, त्यामुळे पत्र छोटं होईल.

पुली उघडून पाहिली. ती दहा मिलिमीटरची होती, आजही आहे. पण थाळीला पुली ओढत नाही, पुलीवर बसलेला पट्टा ओढतो, आणि पट्ट्याला जाडी असते. नखाएवढी, पण असते. ती मी हिशेबात धरली नाही. पुली एवढीशी असल्यामुळे तेवढ्या जाडीनं थाळी शेकडा सहा फेरे जास्त पळते, आणि शेकडा सहा म्हणजे गाण्यात अर्धा सूर. तुझ्या जन्माआधीपासून आपल्या घरातला प्रत्येक गाणारा आणि प्रत्येक गिटार अर्धा सूर वर आहे. कारखान्यात मी पोरांना पट्ट्याची जाडी धरायला शिकवतो. इथं धरली नाही, कारण तेव्हा मला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि मी कोणाला विचारणाऱ्यातला नव्हतो.

आता पुढचं नीट वाच, दोनदा वाच. तू त्या लोकांकडे गेलीस तेव्हा थोडी वर नव्हतीस, पाव सूर वर नव्हतीस. बरोबर अर्धा सूर वर होतीस, जेवढा पितळेचा तुकडा चुकला होता तेवढीच. गालिच्यावर बसून जे ऐकलंस ते इतकी वर्षं जराही न हलवता जपून ठेवलंस. मग महिनाभरात ते सगळंच्या सगळं अर्धा सूर खाली आणलंस, तेही चोख. याला कान नसणं म्हणत नाहीत. मोजायचं साधन आपल्या घरात एकच खरं होतं आणि त्याला मी जिन्यापाशी सोडून आलो. चूक पितळेत होती, तुझ्यात नव्हती.

कान देऊन टाकलास हे वाक्य मी परत घेतो. वाक्यं परत घ्यायची मला सवय नाही, काही तुकडे तिकडे पडून राहिले असतील तर आत्याकडून झाडून घे.

नवी पुली काढून बसवली. फेरे मोजले, तेहतीस आणि वर थोडं. मग ‘पाणबुड्या’ लावली. आत्या म्हणते तसा तो खरोखरच दोन मुलांचा बाप निघाला. इतकी वर्षं त्याला ओळखतो असं समजत होतो आणि काल पहिल्यांदा भेटलो. आवाज जड आहे, दमलेला आहे. बरा माणूस असावा.

तू येऊ नका म्हणालीस, येणार नाही. तू मात्र गा.

माझा लोभ तुला जन्मतःच मिळालाय, तो मोजण्याच्या भानगडीत पडू नकोस.
तुझे
बाबा

ता. २१ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. नमस्कार वाकून नाही, उभ्यानंच, कारण अजून थोडा राग शिल्लक आहे.

तुमचं पत्र मी आधी आत्याच्या बाथरूममध्ये वाचलं, मग बँडला नेऊन वाचून दाखवलं. आमचा ड्रमवाला दिवसा इंजिनियर असतो. त्यानं पत्र हातात घेऊन हिशेब करून पाहिला आणि म्हणाला, बरोबर आहे, मीसुद्धा जाडी विसरलो असतो. तो हे मन राखायला म्हणाला असावा, पण तुम्हाला कळवलं तर बरं वाटेल म्हणून कळवते. दाढीनं मग कोणताही सूर न देता मला पहिलं गाणं उचलायला सांगितलं. मी उचललं. कीबोर्डवालीनं खालून सूर दाबला, तर तो जागेवरच होता. त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या गाणारीचा नंबर फाडून दाखवला.

मी गाणार आहे. तुम्ही या. पण शेवटच्या रांगेत, आणि आई कडेच्या खुर्चीवर, म्हणजे तुम्हाला उठायला वाट राहणार नाही. काहीही झालं तरी हात वर करायचा नाही.

आत्या म्हणते लोभ मागायचा नसतो, वसूल करायचा असतो. तेव्हा अठ्ठावीसला भेटू.
तुमची
बारकी

ता. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहाटेच्या गाडीनं निघालो म्हणून तुला उठवलं नाही. भाऊजींना सांग, त्यांच्या यंत्राबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण पेटीतली भाजी ताजी होती हे मान्य.

तू पुढच्या रांगेत होतीस, त्यामुळे मागं काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. दिवे मालवले, पहिली गिटार वाजली आणि माझा उजवा हात आपोआप उठायला लागला. तुझ्या वहिनीनं तो मनगटात पकडला आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपेपर्यंत सोडला नाही. नाडी बघत होती की काय, देव जाणे.

नवी पुली बसवली तरी कान जुनाच आहे, ताई. पितळ लेथवर लावता येतं, कान लावता येत नाही. बारकी समोर उभी राहून गात होती, लोक खुर्च्यांवरून उठत होते, शेजारचा एक म्हातारा डोळे पुसत होता, आणि मला प्रत्येक ओळ नको तिथं उतरल्यासारखी लागत होती. अर्धा सूर खाली, सबंध वेळ. एवढ्या गर्दीत चुकीचं ऐकणारा मी एकटाच होतो, आणि हे मला ठाऊक होतं. माणसाला किती एकटं वाटू शकतं याचा मी एक नवा अंदाज घेतला.

कार्यक्रम संपल्यावर ती आली, घामानं निथळत, आणि माझ्यासमोर उभी राहिली. लहानपणी गाणं म्हणून झालं की चुका ऐकायला उभी राहायची, तशीच. सूर कसा होता, म्हणून विचारलं. दाढी मागं उभा होता, त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. खोटं बोलायची मला सवय नाही. मी सांगितलं, की पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत तू मला अर्धा सूर खाली वाटलीस, म्हणजे अगदी चोख गायलीस. तिनं हसता हसता माझ्या शर्टाला तोंड पुसलं.

लोभ होता तसाच ठेवावा, त्यात काही दुरुस्ती करायला जाऊ नये.
तुझा
धाकटा