उन्हाळ्यात उरलेला बर्फ

२३ एप्रिल
बुद्धपौर्णिमेला विहारात मुलांपुढं बोलायचंय. विषय मीच सांगून बसलो — हिमयुग! कोल्हापुरात, या उन्हात! श्रुती म्हणाली, "तुमाला ऊन बाधलंय." भूगोलाच्या मास्तराला बायको अशीच मिळायची.

२५ एप्रिल
वाचून थक्क झालो. मला वाटायचं, हिमयुग म्हणजे कडाक्याची थंडी. तसं नाही! उन्हाळा नरम पडावा लागतो. पृथ्वीचा कल, फिरण्याची वाट जराशी बदलते, उत्तरेकडं उन्हाळ्यात ऊन कमी पडतं आणि थोडा बर्फ वितळायचा राहून जातो. त्यावर पुढच्या वर्षीचा. पांढरा थर ऊन परतवतो, म्हणून गारठा आणखी वाढतो. असा हजारो वर्षं साचत तो दोन-तीन किलोमीटर जाडीचा होतो.

एका उन्हाळ्यात थोडं उरलं, एवढंच कारण!

२७ एप्रिल
दादासो गेटात समोर आला. सख्खा थोरला भाऊ, भिंतीला भिंत लागून घर. मान खाली घालून गेला. पाच वर्षं हेच. भांडण नाही, वाटणीचा वाद नाही. तो बोलत नाही म्हणून मी बोलत नाही. फार वाईट वाटतं. आई असती तर दोघांचे कान पिळले असते.

२९ एप्रिल
बर्फ वाढायला ऐंशी-नव्वद हजार वर्षं लागली आणि संपायला जेमतेम दहा हजार! बर्फाच्या वजनानं खालची जमीनच खचते. माथा खाली, उबदार हवेत येतो. मग उन्हाळे तापले की भराभर कोसळतो. मुलांना हे आवडेल.

श्रुतीनं विचारलं, "खीर औंदा तरी थोरल्या घरात द्यायची का?" पौर्णिमेला धाकट्यानं थोरल्याकडं आधी खीर न्यायची, ही आमच्याकडची रीत. दादासोला शुगर निघाली त्या वर्षी मीच बंद केली. आपल्या हातानं कशाला त्रास द्यायचा!

"नको," म्हणालो. दर वर्षीसारखंच.

३० एप्रिल
भाषण पाठ. झोप नाही.

१ मे, बुद्धपौर्णिमा
दादासो शेवटच्या रांगेत बसला होता. भाषण संपलं तसा उठून पुढं आला. पाच वर्षांनी बोलला — अख्ख्या विहाराला ऐकू जाईल असा!

"शुगर मला झालीया, म्हणून माज्या दारात बी पाय ठेवायचा न्हाय, व्हय रं?"

पळत घरी गेलो. श्रुतीनं खिरीचा डबा भरूनच ठेवला होता, तो थोरल्या घरात नेला. एक चमचा खाल्ला त्यानं. दुसरा मागितला — दिला नाही!