चार नको

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. (जरा जास्तच वाकून; ताठ मानेनं लिहावं असं काही घडलेलं नाही.) तुमची पाठ कशी आहे? मामींचा खोकला? फुलांचा धंदा बरा चाललाय ना? म्हणजे काल संध्याकाळपर्यंत तरी? मी ठीक आहे.

तुमच्या शब्दावर मिळालेल्या नोकरीत मी शीतगृहांचे प्रोग्राम लिहितो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रोग्राममध्ये प्रत्येक आकडा ठेवायला एक डबा निवडावा लागतो. तापमानासाठी मी ‘चार’ नावाचा डबा घेतला होता. (इंग्रजीत char, नावच तसं आहे, चार या आकड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मला माहीत होतं, हेच तर दुःख आहे.) या डब्याची खोड अशी की माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्यात उणे आकडे राहतात, आणि शीतगृहाच्या भिंतीवरच्या छोट्या मशीनवर राहत नाहीत. तिथे उणे एक ठेवला की दोनशे पंचावन्न होऊन बाहेर येतो.

काल आमच्या मुख्य मॅडम जिना उतरता उतरता म्हणाल्या, “तापमानाला चार नको. सगळीकडे सारखं चालेल असं काहीतरी घ्या.” मी मान डोलावली. फुलांच्या गार खोल्या चार अंशांवरच ठेवलेल्या होत्या; मला वाटलं, बाईंना फुलं आणखी गार हवीत. मी चाराचा एक केला, सगळीकडे सारखा एकच केला, आणि समाधानानं घरी गेलो. डबा तसाच राहिला.

गार करता करता पारा जरासा शून्याखाली घसरला. मशीनला वाटलं, खोलीत दोनशे पंचावन्न अंशांची भट्टी पेटलीय. बिचारं जिवाच्या आकांतानं गार करत सुटलं. सकाळी ऑफिसच्या गार खोलीतले गुलाब (मॅडमच्या बहिणीच्या लग्नाचे) टेबलावर ठेवले, तर टणटण वाजले.

आता मी डबा बदललाय. याच्या नावातच माप किती आणि उणे चालतं का, ते लिहिलेलं असतं. असा डबा असतो हे मला कालही माहीत होतं.

तुमचा (अजून तरी नोकरीत असलेला)
भाचा

ता.क. मॅडमनी विचारलं, “कालचा तुमचा बदल किती ठिकाणी गेला?” मी म्हटलं, “चार.” त्या म्हणाल्या, “डब्याचं नाव नको मला. ठिकाणं किती?”

आणखी ता.क. त्या चारांतलं एक तुमचं गोदाम. तिथलं मशीन इथून माझं ऐकेनासं झालंय, आणि तुमचा फोन आत लागत नाही, म्हणून हे पत्र तुमच्याच ड्रायव्हरच्या हाती देतोय. दाराशेजारचं, मशीन बंद करायचं लाल बटण ताबडतोब दाबा. पत्र मागाहून वाचलंत तरी चालेल.