समस्त श्रोतेमंडळींचे ओळखपत्र

प्रति,
मा. डाक अधीक्षक साहेब,
विभागीय कार्यालय, कोल्हापूर.

विषय : थोरली सांबरवाडी पोस्टात अडकलेले कीर्तनाचे कार्ड मिळणेबाबत.
संदर्भ : खिडकीवर केलेल्या माझ्या चार तोंडी विनंत्या.

महोदय,

१. पिन कोडविषयी मला नितांत आदर आहे. १९७२ च्या पंधरा ऑगस्टला तो सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. गुरुजींनी फळ्यावर मांडले होते : पहिला आकडा मुलखाचा, दुसरा त्यातल्या भागाचा, तिसऱ्याने पत्र जिल्ह्याच्या वर्गवारीत पडते, शेवटचे तीन थेट पोस्टाचे. एकाच नावाची गावे आणि आमच्यासारख्यांची अक्षरे यांतून पत्र तारून नेण्यासाठी ही सोय. आमचे पत्र पाच आकडे बिनचूक चालते. सहाव्याला ओढ्यापलीकडे जाते.

२. कारण सांबरवाड्या दोन. आमची धाकटी. आमच्या विठ्ठल मंदिराच्या भिंतीवर एकोणतीस वर्षांपूर्वी पिन कोड रंगवला, तो थोरलीचा. देवळावर लिहिलंय म्हणजे खोटं कसं असेल, म्हणून लग्नपत्रिकेपासून आधार कार्डापर्यंत सगळ्या गावाने तोच उतरवून घेतला. आमचे पोस्टमन गुरुसिद्ध आप्पा गुरुवारच्या बाजारात थोरलीच्या पोस्टमनशी पत्रांची अदलाबदल करीत, त्यामुळे कुणाचे काही अडले नाही. आप्पा जूनमध्ये निवृत्त झाले. अशी अदलाबदल नियमात बसत नाही, हे खात्याच्या तेव्हा ध्यानात आले. उशिरा का होईना, शिस्त आली याचा आनंद आहे.

३. आमच्या सप्ताहाला कीर्तनकार आक्का येतात. वय ब्याऐंशी. फोन वापरत नाहीत, सीमाभागात गावोगाव कीर्तने करीत फिरतात. कुठल्या दिवशी कुठल्या गाडीने फाट्यावर उतरणार, ते कार्ड टाकून कळवतात. मग आम्ही गाडी घेऊन न्यायला जातो, कारण फाट्यापासून गाव चार किलोमीटर आणि त्यांना संध्याकाळचे दिसत नाही. यंदाचे कीर्तन शेवटचे, असे त्या गेल्या वर्षीच बोलल्या आहेत.

४. ते कार्ड बारा तारखेपासून थोरलीच्या पोस्टात आहे. मी डोळ्यांनी पाहिले. कार्डावर नाव आहे 'समस्त श्रोतेमंडळी, विठ्ठल मंदिर, सांबरवाडी'. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "पावणं, ह्यो समस्त कोण? त्येला आधार कार्ड घिऊन पाठवा की." मी म्हटले, निदान तारीख वाचून दाखवा. तर दुसऱ्याचा पत्रव्यवहार गोपनीय असतो, असे सांगून त्यांनी कार्ड पालथे घातले. पोस्टकार्ड साऱ्या जगाला उघडे, ज्याचे त्यालाच तेवढे बंद, हा सिद्धांत मी पन्नास वर्षे कीर्तने ऐकूनही कुणा बुवांकडून ऐकला नव्हता. साहेबांना कीर्तनाला उभे करावे, अशी शिफारस करतो.

५. पिन कोड दुरुस्तीसाठीही अर्ज केला होता. मंजुरीचे पत्र नोंदलेल्या पत्त्यावर पाठवल्याचे कळते. थोरलीकरांना ते मिळाले असल्यास त्यांचे अभिनंदन.

६. आता खोटे बोलून पाप घेत नाही. भिंतीवरचा आकडा मीच सांगितला होता. थोरलीच्या माझ्या मेव्हण्याचे पाकीट खिशात होते, त्यावरचा वाचला. पेंटरची शिडीही मीच धरली होती. दंड असेल तो मला करावा. कीर्तनाला करू नये.

७. तरी सोबतची ओळखपत्रे पाहून कार्ड द्यावे. तेवढेही जमत नसेल तर फक्त तारीख व गाडीची वेळ सांगावी. तोवर सकाळच्या पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत मी फाट्यावर बसून आहे. आज तेरावा दिवस. हा अर्जही इथेच लिहिला. मधेच निपाणीची गाडी आली म्हणून चौथ्या मुद्द्यात शाई सांडली आहे. आक्का तिच्यात नव्हत्या.

विठ्ठलाच्या व आपल्या कृपेवर विसंबून,

आकाराम ज्ञानू चौगुले
मुक्काम : सांबरवाडी फाटा, एसटी थांबा
पिन कोड : आपणच लिहावा, माझा हात धजत नाही.
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
(अ) भिंतीचा फोटो.
(आ) समस्त श्रोतेमंडळींची ओळखपत्रे, १४३. पैकी चिमणाबाई वैशाखात वारल्या, तरी त्यांचे जोडले आहे. पुढच्या रांगेतली त्यांची जागा आम्ही अजून कुणाला दिलेली नाही.