ताईचा डावा पाय

ता. ३ फेब्रुवारी

चि. पान्यास,
अ. उ. आ.

आधी बातमी सांगते, मग भांडते. अप्पांची गाडी काल पुलाच्या चढावर बसली. मीच चालवत होते. इंजिन नुसतं केकाटत होतं, गाडी मात्र पुढे सरकायला तयार नव्हती, आणि वर जळका वास. मागच्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं. शेवटी एका टेम्पोवाल्याला दया आली आणि त्याने दोरी बांधून गॅरेजपर्यंत ओढत नेलं. ती बुटकी, जमिनीला टेकलेली दोन माणसांची गाडी, छप्पर उघडं, आणि आत मी. अख्ख्या रस्त्याची करमणूक झाली.

ते एक वेळ सोडून देईन. पण गॅरेजवाल्याने काय करावं? गाडीखाली वाकला नाही की पेडल दाबून पाहिलं नाही. मला खालीवर न्याहाळलं आणि फोन मिळताच आलेल्या अप्पांना म्हणाला, क्लच जळलाय, बाईंचा पाय सारखा पेडलवर असणार. मी अप्पांकडे पाहिलं. वाटलं, बाप म्हणून आता ते त्याला चांगलं झाडतील. याच गाडीवर त्यांनी मला शिकवलं, पेडलवर विनाकारण पाय ठेवला की ते गुडघ्यावर फटका मारायचे. तर अप्पा फरशीकडे बघत म्हणाले, असेल.

असेल! माझा नुसता संताप झाला. गाडी तशीच दोरीला बांधून घरी आणली. तू तिकडे कारखान्यात दिवसभर इंजिनं उघडतोस, लहानपणी पाना उशाशी घेऊन झोपायचास म्हणून तुझं हे नाव पडलं, त्याचा बहिणीला कधीतरी उपयोग होऊ दे. काय काय तपासायचं ते नीट लिहून कळव. कारण कळल्याशिवाय मी गाडीला कोणाला हात लावू देणार नाही.

वहिनीला विचारलं म्हणून सांग. लोभ आहे, तो टिकवणं आता तुझ्या हातात.

तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उघडलं आणि हाताला चटका बसला. आम्ही सगळे मजेत. तुझी वहिनी विचारते आहे की दोरीला बांधलेली असताना तू हॉर्न वाजवत होतीस का.

रागावू नकोस, पण तुझ्या पत्राबरोबरच अप्पांचंही पत्र आलं. ताईला क्लचवर पाय ठेवायची खोड लागली आहे, असं त्यांनीच लिहिलंय. खुद्द गुरूने लिहिल्यावर मी काय बोलणार? तू शिवणयंत्र चालवायचीस तेव्हाही पाय काढायची नाहीस, हे मला आठवतं.

तरी तपासून पाहा. सपाट जागी गाडी सुरू कर, हँडब्रेक ओढ, वरचा गिअर टाक आणि क्लच हळू सोड. इंजिन धडपडून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे, म्हणजे जळली. मग इंजिन बंद करून पेडल हाताने दाब. सुरुवातीला ते थोडं सैल जायला हवं आणि मग ताण लागायला हवा. पहिल्यापासूनच ताठ असेल तर क्लचची केबल जास्त आवळलेली आहे. तो आवळायचा नट गाडीखाली, गिअरबॉक्सच्या बाजूला सापडेल.

पण मला विचारशील तर नवी प्लेट घातली तरी पाय तोच राहणार. तेव्हा चाव्या अप्पांकडे दे आणि काही दिवस बसने जा. ती गाडी त्यांचा जीव आहे.

मुलांचा नमस्कार. तुझ्या शिव्याही पोटभर येऊ देत.

तुझा पान्या


ता. १६ फेब्रुवारी

चि. पान्यास,
आशीर्वाद आज हात आखडून.

चाव्या अप्पांकडे देऊ? बरं. आता वाच.

वरचा गिअर टाकून क्लच सोडला, इंजिन मजेत गुणगुणत राहिलं. प्लेट जळली, ते मला मान्य. मग पेडल दाबलं. सैल जाणं राहिलं बाजूला, बोट टेकवताच ताण. म्हणजे केबल इतकी आवळलेली होती की पेडलवर कोणाचाही पाय नसताना क्लच अर्धवट दाबलेलाच होता! गाडी स्वतःच स्वतःची प्लेट जाळत हिंडत होती आणि खापर माझ्या पायावर. औषधाच्या दुकानात मी वर्षानुवर्षं थेंब मोजून देते, माझ्या हातापायाला कधी कोणी नाव ठेवलं नाही. ते तुम्ही ठेवलंत.

मग पोतं अंथरून गाडीखाली शिरले. नट पार टोकाला नेलेला. आणि त्यावर हिरव्या रंगाचा ठिपका.

तुला वेगळं सांगायला नको. अप्पा कुठलाही नट आवळला की त्यावर रंगाचा ठिपका देतात, तो पुढे हलला तर कळावं म्हणून. सायकलपासून पाण्याच्या पंपापर्यंत घरातला एकही नट सुटलेला नाही. हिरवा रंग तर त्यांनी परवाच फाटकाला दिलाय.

पान्या, मी तशीच काळ्या हातांनी घरात गेले. डोकं तडकलं होतं. विचारणार होते की स्वतः केबल आवळलीत आणि माझी बदनामी कारखान्यापर्यंत पोचवलीत? ते खुर्चीत बसून बूट घालत होते. डावा पाय दोन्ही हातांनी उचलला, स्टुलावर ठेवला आणि दम घेत बसले. मी दारात आहे हे त्यांना कळलं नाही. मी क्षणभर चौकट धरली आणि आल्या पावली मागे फिरले.

त्यांचा तो पाय पेडल खालपर्यंत दाबू शकत नाही. थोड्याशा दाबाने गिअर पडावा म्हणून त्यांनी केबल आवळली. पण म्हणून राग गेला असं समजू नकोस. पाय दुखतो असं मला सांगायचं, की माझं नाव सांगायचं?

काय करू ते कळव. आज लोभाचं काही लिहीत नाही.

ताई


ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझे सगळे शब्द मागे. तुझ्या वहिनीने तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरलाय.

मी अप्पांना सरळ लिहितो आहे. चाव्या ताईकडे द्या, या पायाने गाडी चालवणं धोक्याचं आहे, आणि ताईवर ढकललंत हे बरोबर केलं नाही. पत्र लिहून तयार आहे. तुझा होकार आला की टाकतो.

आता तरी लोभ परत दे.

पान्या


ता. २७ फेब्रुवारी

चि. पान्यास,
अ. उ. आ.

ते पत्र फाड. खबरदार टाकलंस तर! जन्मभर ज्या माणसाने गाडीशिवाय दुसरी हौस केली नाही, त्याला तू पोस्टाने सांगणार की तुमचा पाय गेला?

मी अप्पांना सांगून टाकलं की पान्याने तपासायला लावलं, आणि चूक माझ्याच पायाची निघाली. हे बोलताना माझा जीव किती जळला ते तुला कळायचं नाही. अप्पा म्हणाले, तुला पहिल्यापासून शिकवायला हवं. आणि खिशातल्या चाव्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. यापुढे गाडी तूच चालवायचीस, मी शेजारी बसून बघणार. एवढं ऐकलं आणि मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

नवी प्लेट बसली, केबल सैल केली, त्या गॅरेजवाल्याकडे मात्र गेले नाही. आता प्रत्येक वळणावर, पाय उचल, पाय उचल, असा ओरडा चालतो. पेडलवर माझा पाय नसतानासुद्धा! ओठ आवळून ऐकून घेते.

तेव्हा तूही अप्पांच्या नावाने एक पत्र टाक आणि मला त्यात चांगली फैलावर घे. खोटं लिहिताना हात राखू नकोस. माझी माया आहेच, ती तुला या एका कामापुरती उसनी दिली असं समज.

तुझी ताई


ता. ९ मार्च

चि. पान्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. ताईला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबलो. मोठ्या बहिणीला असं लिहितात? तिचा पाय म्हणजे दगड, तिला गाडी देणं हीच चूक, हे लिहायला तुला लाज कशी वाटली नाही?

मी रोज तिच्या शेजारी बसतो. गिअर कधी बदलला तेसुद्धा मला कळत नाही, इतका हलका पाय आहे तिचा. तरी ओरडतो. ओरडलो नाही तर मी तिथे कशाला बसलोय, असं वाटेल.

क्लच कोणाच्या पायापायी गेला ते मला ठाऊक आहे. ती गाडीखालून आली त्या दिवसापासून दाराच्या चौकटीवर तिच्या काळ्या बोटांचे ठसे आहेत, तेव्हा तिलाही ठाऊक आहे. तू एरवी तिला एक वाकडा शब्द लिहीत नाहीस, म्हणजे तुलाही ठाऊक आहे. तर हे नाटक आता पुरे.

उलट टपाली तिची माफी माग. दोघांच्या वतीने माग. माझ्याच्याने होत नाही.

अप्पा