कुंडी जड, पानं मलूल

सूनबाई,

तीस वर्षांपूर्वी रोपवाटिकेतल्या माझ्या सहकारी बाईंनी मला एक पत्र पाठवलं होतं. मी त्याला कधीच उत्तर दिलं नाही. काल तू म्हणालीस, "बाबा, पुस्तकात डोकं खुपसून बसता आणि रोपाला पाणी घालायचं विसरता!" त्याचं उत्तर म्हणून हे लिहितोय.

लिंबाच्या रोपाला आता पाणी घालू नकोस. कुंडी उचलून बघ, जड लागेल. मुळं सडली की रोपाला पाणी ओढता येत नाही. माती ओलीच राहते आणि पानं माना टाकतात.

हे त्या बाईंनी आणि मी वजनकाट्यावर पाहिलं होतं. निरोगी रोपाची कुंडी संध्याकाळपर्यंत हलकी व्हायची, रोगट रोपाची तेवढीच राहायची. त्या आकडा सांगायच्या, मी वहीत लिहायचो. "किडे रोपांना लागतात, तुम्ही पुस्तकांना लागलात!" असं म्हणून हसायच्या. तसं हसणं पुन्हा ऐकलं नाही.

पुढे रोपं मेली. बाईंनी पाणी घातलं नाही, असं साहेबांनी ठरवलं. वहीतले आकडे पाठवा, एवढंच बाईंनी त्या पत्रात मागितलं होतं. लिहिताना माझंच काही चुकलं असेल, या शंकेने मी गप्प बसलो. त्यांची नोकरी गेली.

तुझ्यावर रागावलो नाही हं. कोरडी माती आणायला जातोय, जेवायला थांबू नकोस. वहीची ती पानं आणि माफीच्या चार ओळी पाकिटात घातल्या. पत्ता जुनाच आहे, तरी सकाळी पेटीत टाकून आलो.